पकडीला बक्षीस, गुडघ्याचे काय?

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजारगावी कबड्डीचा सामना रंगात आला की ध्वनिक्षेपकावरून गुणांपेक्षा बोलीच अधिक ऐकू येते. पुढची चढाई धरली तर शंभर रुपये. अमक्या चढाईपटूला मैदानात उताणा पाडला तर दोनशे. शिट्टी होते. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो, निदानरेषेपर्यंत जातो, मागे वळतो. तोच कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो, मधला गडी छातीवर आदळतो आणि मागोमाग साखळी वरून कोसळते. क्षणभर धूळ उडते, मग टाळ्या. पकड करणाऱ्याच्या हातात नोट पडते, त्याचे व त्याच्या गावाचे नाव पुकारले जाते. त्या ढिगाऱ्याखालून जो लंगडत बाहेर पडतो त्याचे नाव मात्र कोणी पुकारीत नाही. त्याच्या जागी राखीव गडी येतो आणि सामना पुढे चालू होतो.

अशा पकडी वर्षानुवर्षे लोकांच्या स्मरणात राहतात. पारावर, चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर त्यांची वर्णने होतात आणि प्रत्येक सांगण्यात पकड थोडी अधिक जबर होत जाते. यात गैर काही नाही. हुतूतू हा कष्टकऱ्यांचा खेळ आहे. अंगाला अंग भिडल्याशिवाय तो खेळला जात नाही आणि धडक पाहून अंगावर काटा येणे हा पाहणाऱ्याच्या आनंदाचा भाग आहे. प्रश्न निराळाच आहे. पकडीची आठवण साऱ्या गावाची, ढाल महाविद्यालयाची आणि दुखापत तेवढी एकट्या खेळाडूची, ही वाटणी कोणत्या न्यायाने होते?

खेळतो कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी मैदानात उतरणारा तरुण कोण आहे हे पाहिले पाहिजे. कबड्डीला बॅट लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत, क्लबाचे सभासदत्व लागत नाही. तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद जमीन आणि चौदा गडी एवढ्यावर खेळ उभा राहतो. म्हणूनच मराठवाड्यात तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या, हमालाच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलांचा खेळ झाला. या मुलांना खेळ हा अभ्यासातील विरंगुळा नसतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती आहे, सैन्यभरती आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यातून विद्यापीठाच्या संघात, तेथून राज्याच्या संघात आणि तेथून खाकी वर्दीत, अशी ही वाट आहे. ती फार थोड्यांना शेवटपर्यंत नेते. पण जेथे विहिरीला पाणी नाही आणि पदवीला नोकरी नाही, तेथे अरुंद वाटेवरही गर्दी होते.

या वाटेवर चालणाऱ्याचे भांडवल एकच, त्याचे शरीर. आणि कबड्डीत सर्वाधिक ताण येतो तो नेमका गुडघ्यावर. पाय जमिनीत रुतलेला, घोटा कोणीतरी धरलेला आणि वरचे धड दुसऱ्याच्या धडकेने फिरलेले, अशा क्षणी गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो. बाहेरून जखम दिसत नाही, रक्त येत नाही. सूज येते व आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. हाडवैद्य पट्टी बांधतो, जाणते लोक मुरगळले असेल म्हणतात आणि मुलगा पुन्हा मैदानात उतरतो. पहिल्याच वळणावर गुडघा निसटतो. मग लातूर, मग तपासण्या, मग शस्त्रक्रियेचा सल्ला, मग खर्चाचा आकडा ऐकून घरची शांतता. शस्त्रक्रिया झाली तरी अनेक महिन्यांची विश्रांती व व्यायामोपचार हवेत. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावावे लागते. तुटलेल्या गुडघ्यासाठी त्या धावपट्टीवर निराळे घड्याळ नसते.

मुलींच्या वाट्याला तर दुहेरी शिक्षा येते. घरच्यांचा विरोध मोडून खेळायला आलेली मुलगी जायबंदी झाली की विरोधकांचे म्हणणे खरे ठरते. तिच्या उपचाराचा खर्च होण्याआधी तिच्या लग्नाची चर्चा सुरू होते आणि दुखापत शक्य तो लपविली जाते. लपविलेली दुखापत बरी होत नसते.

आता दुसरी बाजू. त्या मुलाने वा मुलीने मिळविलेली ढाल प्राचार्यांच्या दालनात काचेच्या कपाटात राहते. संघाचे छायाचित्र वार्षिक अंकात छापले जाते. प्रवेशाच्या जाहिरातीत क्रीडा-परंपरेचा उल्लेख येतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकपुढे विद्यार्थ्यांनी मिळविलेली पदके संस्थेच्या खात्यावर मांडली जातात. म्हणजे खेळाडूच्या घामातून संस्थेला प्रतिष्ठा मिळते आणि आजच्या शिक्षणाच्या बाजारात प्रतिष्ठा हीच रोकड असते. ज्याच्या श्रमातून दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, त्याला जगातील कष्टकरी चळवळीने एक सरळ नाव दिले आहे. महाविद्यालये मात्र त्याला विद्यार्थी म्हणतात आणि तेवढ्या एका शब्दावर मोकळी होतात.

एका शब्दाची किमया

ही केवळ मराठवाड्यातील संस्थाचालकांची हुशारी नव्हे. जबर धडकांचा सर्वांत मोठा बाजार अमेरिकेत, तेथील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये भरतो. हा फुटबॉल आपल्याकडील पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्याला अंगावर झेपावून खाली पाडणे हे त्यातील प्रमुख कौशल्य असल्याने कबड्डीच्या पकडीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. लाख लाख प्रेक्षक बसतील अशी मैदाने तेथे विद्यापीठांच्या मालकीची आहेत आणि गाजलेल्या धडकांच्या चित्रफिती तेथे पुनःपुन्हा पाहिल्या जातात. म्हणून त्या धडकांचा इतिहास कबड्डीच्या चाहत्यानेही वाचण्यासारखा आहे.

६ ऑक्टोबर १९२३ रोजी आयोवा स्टेट महाविद्यालयाचा जॅक ट्राइस हा खेळाडू मिनेसोटाविरुद्ध खेळला. त्या महाविद्यालयाचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पूर्वार्धातच त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले, तरी तो खेळत राहिला. उत्तरार्धात तो खाली पडला असता प्रतिस्पर्धी खेळाडूंनी त्याला तुडविले आणि दोन दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. ते हेतुपुरस्सर होते की नाही याचा वाद आजही चालू आहे. महाविद्यालयाच्या मैदानाला त्याचे नाव मिळाले ते १९९७ मध्ये, चौऱ्याहत्तर वर्षांनी.

२० ऑक्टोबर १९५१ रोजी ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूवर याहून उघड हल्ला झाला. चेंडू त्याच्या हातून गेलेला असतानाही प्रतिस्पर्ध्याने धावत येऊन त्याच्या तोंडावर आघात केला. सामन्याच्या पहिल्या काही मिनिटांतच तो तीनदा बेशुद्ध पडला व त्याचा जबडा मोडला. या वेळी दोन वृत्तछायाचित्रकारांनी तो प्रसंग एकामागोमाग एक टिपला होता. त्या छायाचित्रांना १९५२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मारणाऱ्याला शिक्षा मात्र झाली नाही, आणि यजमान विद्यापीठाने दिलगिरी व्यक्त केली ती २००५ मध्ये, ब्राइटच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. पकडीचा आघात सर्वांवर सारखा पडत नाही, समाजाने ज्याला आधीच खाली दाबले आहे त्याच्यावर तो अधिक जोराने पडतो, हे यावरून उघड होते. गावच्या मैदानात कोणाला जपून धरले जाते आणि कोणावर साखळी मनसोक्त कोसळते, याचे निरीक्षण कार्यकर्त्यांनी एकदा जरूर करावे.

आणखी शिकण्याजोगी गोष्ट आहे ती रे डेनिसनची. कोलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाकडून खेळताना १९५५ मध्ये डोक्याला मार लागून तो मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाईचा दावा केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो फेटाळला. महाविद्यालय काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असे कारण देण्यात आले. त्याच सुमारास महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. जखमी खेळाडूंना कामगार ठरवून भरपाई द्यावी लागेल या भीतीने तो शब्द घडविला गेला, अशी कबुली संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे निवृत्तीनंतर दिली.

खेळाडूंनी हे मुकाट्याने मान्य केले असे नाही. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी पोलाद कामगारांच्या संघटनेच्या साहाय्याने स्वतःची संघटना स्थापण्याचा अर्ज केला. त्यांच्या मागण्यांत आघाडीवर पगार नव्हता, वैद्यकीय उपचारांची हमी होती. विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी ठरविले, मतदानही झाले. परंतु २०१५ मध्ये राष्ट्रीय मंडळाने या प्रकरणात अधिकार वापरण्यास नकार दिला आणि ती मते कधीच मोजली गेली नाहीत. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनुसार तेथील विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पैसा आला, तरी कर्मचारी हा दर्जा नाकारण्याची धडपड थांबलेली नाही. याचे कारण उघड आहे. पैसे देणे एकवार परवडते. जबाबदारी जन्मभराची असते.

तत्त्व जुने, पोच अपुरी

येथे कोणी म्हणेल की अमेरिकेतील कोट्यवधी डॉलर्सचा खेळ कोठे आणि मुरुडची माती कोठे! पैशाचे प्रमाण निश्चितच निराळे आहे. परंतु युक्तिवाद तोच आहे. शिवाय आपल्या देशात या प्रश्नाचे तत्त्व फार पूर्वीच मान्य झाले आहे. ज्या १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून अखिल भारतीय सामने भरविले, त्याच साली या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळाली पाहिजे, हे त्याचे सार. पुढे कायद्याची नावे व कलमे बदलली, तत्त्व टिकले. मग महाविद्यालयाचा गणवेश घालून, महाविद्यालयाने पाठविलेल्या सामन्यात, महाविद्यालयासाठी खेळताना मोडलेला गुडघा हा या तत्त्वाच्या बाहेर का राहावा?

सरकारला हे समजत नाही असेही नाही. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अपघाताची सानुग्रह अनुदान योजना राज्यात आहे. म्हणजे शिकणाऱ्या मुलाच्या अपघाताचा भार समाजाने उचलावा हे शासनाला मान्य आहे. बारावी ओलांडून तोच मुलगा पदवीच्या वर्गात बसला, अधिक वजनाच्या, अधिक ताकदीच्या गड्यांशी भिडू लागला, की ते तत्त्व संपते. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देताना, थरावरून पडून गोविंदाचा मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये देण्याचे राज्य सरकारने जाहीर केले. ते योग्यच झाले. थरावरून पडणारा मुलगाही गरिबाघरचाच असतो. परंतु मुंबई-ठाण्याच्या हंडीभोवती पुढाऱ्यांचे फलक असतात, मतांची गर्दी असते. जे मागणी करू शकतात त्यांना मिळते. मराठवाड्यातील विखुरलेल्या खेळाडूंची मागणी मांडणारे कोणी नाही, म्हणून त्यांचे नाव यादीत नाही.

आपल्याकडे उणीव आहे ती सहृदयतेची नव्हे. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशाचे खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देऊन सोने केले. असे शिक्षक आजही आहेत. जायबंदी मुलासाठी वर्गणी काढणारे, स्वतःच्या खिशातून औषध आणणारे क्रीडाशिक्षक तालुक्या-तालुक्यांत भेटतील. परंतु प्रत्येक खेळाडूला खर्डीकर भेटतील या भरवशावर व्यवस्था चालविता येत नाही. औदार्य हे माणसाचे भूषण आहे. हक्क ही समाजाची जबाबदारी आहे. पहिल्याच्या आड दुसरी लपविता कामा नये.

आता खेळात पैसाही आला आहे. २०१४ पासून प्रो कबड्डीने खेळाडूंचे लिलाव सुरू केले; कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. शेतकऱ्याच्या पोराला त्याच्या कौशल्याचे मोल मिळाले याचा आनंदच आहे. परंतु त्या प्रकाशझोताने गावोगावच्या मैदानावरील पकडी अधिक जबर झाल्या, तेथील डॉक्टर मात्र वाढले नाहीत. दूरचित्रवाणीवर पकड मंदगतीने चार वेळा दाखविली जाते. तशीच पकड करावयाची म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुले मुरमाड जमिनीवर एकमेकांवर झेपावतात. तेथे मॅट असते, वैद्य असतो, स्ट्रेचर असते. येथे पाण्याची कळशी असते. जुलै २०२२ मध्ये तामिळनाडूत एक तरुण खेळाडू चढाई करताना पकडीखाली सापडला, उठण्याचा प्रयत्न करताना कोसळला आणि गेला. त्याच्या शेवटच्या चढाईची चित्रफीत देशभर फिरली. लोकांनी ती पाहिली, हळहळले आणि पुढची चित्रफीत पाहू लागले.

खेळ हवा, बेजबाबदारी नको

या मागणीवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो प्रामाणिक माणसेही घेतील. खेळात लागायचेच, लागण्याला भिणाऱ्याने मैदानात उतरू नये, प्रत्येक पकडीचा हिशेब मागू लागलात तर कोणतेही महाविद्यालय संघ उतरविणार नाही आणि गरीब मुलांची आहे ती वाटही बंद होईल. पहिल्या भागाला उत्तर सोपे आहे. खाणीत दरड कोसळतेच, गिरणीत बोट जातेच, हेही एके काळी असेच सांगितले जात असे. धोका कामाचा भाग आहे हे मान्य केल्यानेच त्याची जबाबदारी निश्चित करावी लागते. शिवाय खुद्द कबड्डीच्या नियमांनी हे ओळखले आहे. चढाईपटूचे तोंड दाबणे, गळा आवळणे, पायांची कात्री घालणे, इजा होईल अशी हिंसक पकड करणे हे सारे नियमबाह्य आहे. जबर पकड आणि हिंसक पकड यांत नियमांनी रेषा आखली आहे. बक्षिसाच्या बोलीने ती पुसली जाते.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. सारा भार एकेका ग्रामीण महाविद्यालयावर टाकला तर ते खरोखरच संघ काढून घेईल. म्हणून हा भार सामूहिकच असला पाहिजे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले तेव्हापासून नांदेड, लातूर, परभणी व आता हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे सामने त्याच्या छत्राखाली होतात. विद्यापीठ, राज्य शासन आणि स्पर्धांचे प्रायोजक यांनी मिळून जायबंदी खेळाडूंसाठी एक कायम निधी उभारणे अशक्य नाही. या निधीतून खेळताना झालेल्या दुखापतीचा संपूर्ण उपचार झाला पाहिजे, विद्यार्थ्याचे महाविद्यालय सुटले तरी. कारण गुडघा शैक्षणिक वर्षाबरोबर बरा होत नाही. प्रत्येक दुखापतीची नोंद विद्यापीठाने ठेवावी व दरवर्षी प्रसिद्ध करावी. जेथे नोंद नाही तेथे जबाबदारीही नाही, हे कामगारांनी कारखान्यात अनुभवलेले सत्य आहे. डोक्याला मार लागून भोवळ आलेल्या गड्याला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. पहिल्या आघातातून मेंदू सावरण्यापूर्वी बसलेला दुसरा आघात जिवावर बेतू शकतो. मानेला मार लागलेल्या गड्याला बगलेत हात घालून उचलू नये. आणि विद्यापीठाच्या क्रीडाविषयक मंडळात खेळाडूंचा निवडून दिलेला प्रतिनिधी असावा; कारण ज्याचे अंग मैदानात पडते, निर्णयात त्याचा आवाज असला पाहिजे.

हे सारे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर खेळ आणि समतेचा विचार एकत्रच रुजला. त्या परंपरेतील अनेक जण आजही गावोगावी स्पर्धा भरवितात. त्यांनी आपल्यापासून आरंभ करावा. प्रवेश-शुल्कातील ठरावीक वाटा खेळाडूंच्या विम्यासाठी बाजूला काढावा. प्रथमोपचाराची पेटी, स्ट्रेचर आणि दवाखान्यापर्यंत नेणारे वाहन हजर असल्याखेरीज पहिली शिट्टी होऊ देऊ नये. एवढा खर्च मंडपाच्या कमानीपेक्षा आणि पाहुण्यांच्या हारतुऱ्यांपेक्षा अधिक खचितच होणार नाही.

आणि ध्वनिक्षेपकावरून पकडीला शंभर रुपयांची बोली लागली, तर तेवढेच शंभर रुपये जायबंदी खेळाडूंच्या निधीत टाकल्याखेरीज ती स्वीकारू नये. ज्या गावाला पकडीची किंमत करता येते, त्याला गुडघ्याचीही करता आली पाहिजे.